खाडीकाठचे रान

समुद्राला ओहोटी लागली, की खाडीचे रूप पार पालटून जाते. थोड्या वेळापूर्वी जेथे पाण्याचा रुंद पट्टा चकाकत होता, तेथे करड्या, ओल्या चिखलाचा विस्तीर्ण पट उघडा पडतो. होड्या कुशीवर कलंडतात. बगळे एकेक पाऊल जपून टाकीत चिखलातून हिंडू लागतात. आणि काठाने उभे असलेले ठेंगणे, गर्द हिरवे रान आपल्या मुळांसकट दिसू लागते. भरतीच्या वेळी हीच झाडे कमरेइतक्या पाण्यात उभी होती. आता ती चिखलातून वर आलेल्या असंख्य खुंट्यांच्या गर्दीत उभी असतात. कोकणातील माणूस याला तिवरांचे रान म्हणतो. पुस्तकी भाषेत त्यास खारफुटी अथवा कांदळवन असे नाव आहे.

पाहताक्षणी मन मोहरून जावे, असे या रानात वरवर काही नाही. येथे सागाची उंची नाही, पळसाचा रंग नाही, की सुरंगीचा सुगंध नाही. उलट चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, डास अंगाभोवती घोंगावतात आणि पाऊल टाकावे तेथे गुडघ्याएवढे रुतते. म्हणूनच शहरे वाढू लागली, तेव्हा ही जागा पडीक समजली गेली. कोठे तिच्यावर भराव पडला, कोठे मिठागरे झाली, कोठे गावाचा केरकचरा येऊन साचला. आज जी मुंबई दिसते, तिचा मोठा भाग अशाच उथळ खाड्या आणि दलदली बुजवून वसला आहे. या दलदलीचा साऱ्या पृथ्वीच्या हवामानाशी काही संबंध असेल, अशी शंका त्या काळी कोणास आली नाही, यात नवल नाही.

खाऱ्या पाण्यात झाडाने जगावे, हीच मुळी आश्चर्याची गोष्ट आहे. आंब्याच्या रोपाला समुद्राचे पाणी घातले, तर काही दिवसांतच ते मान टाकील. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते. त्याचप्रमाणे खारट पाणी मुळांना पाणी देण्याऐवजी त्यांच्यातलेच पाणी ओढून घेते. मग खाडीतील झाडे तग कशी धरतात? गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक झाडाने आपापल्या परीने शोधले आहे. तिवर मीठ आत घेतो, पण पानांवाटे ते बाहेर टाकून देतो. त्याच्या पानाच्या पाठीस जीभ लावून पाहिली, तर ती खारट लागते. उन्हाच्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कणही चमकताना दिसतात. कांदळाची रीत निराळी. तो मुळांपाशीच पाणी गाळून घेतो आणि बहुतेक सारे मीठ दाराबाहेरच ठेवतो. चिप्पीची पाने जाड व मांसल असतात. त्यांत ती पाण्याचा साठा करून ठेवते.

दुसरी अडचण श्वासाची. झाडांच्या मुळांनाही हवा लागते. परंतु खाडीचा चिखल इतका दाट आणि पाण्याने भरलेला असतो, की दोन-चार बोटे खाली गेले तर तेथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून तिवराची मुळे उलटी, म्हणजे चिखलातून आकाशाकडे वाढतात. ओहोटीच्या वेळी दिसणाऱ्या त्या खुंट्या म्हणजे तिवराची श्वासमुळे. ती पेन्सिलीएवढी असतात आणि एका झाडाभोवती त्यांची संख्या हजारांच्या घरात जाते. चिप्पीची श्वासमुळे जाड व निमुळती असतात. कांदळाला अशा खुंट्या नसतात. त्याच्या खोडापासून कमानीसारखी मुळे निघून चिखलात रोवली जातात. त्यामुळे सारे झाड जणू काठ्यांवर उभे राहून पाण्यात उतरले आहे, असे वाटते.

कांदळाचे बी तर आईच्या अंगावरच रुजते. झाडाला लोंबणारी वीतभर, कधी हातभर लांबीची हिरवी शेंग दिसते. ती वास्तविक शेंग नसून अंकुरलेले रोपच असते. पूर्ण वाढ झाली, की ते खाली सुटते. ओहोटी असली तर चिखलात टोकावर उभे राहते आणि तेथेच मूळ धरते. भरती असली तर पाण्याबरोबर तरंगत दूर जाते व आठवड्यांनंतरही एखाद्या परक्या काठावर रुजते. ज्याच्या पायाखाली दिवसातून दोनदा पाणी येते, त्याला बी पेरून वाट पाहत बसणे परवडण्यासारखे नाही.

जगात अशा खाऱ्या पाण्यातील झाडांच्या सुमारे 70 जाती आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यांपैकी वीसेक जाती आढळतात. त्या सरमिसळ उगवलेल्या दिसल्या, तरी प्रत्येकीची जागा बहुधा ठरलेली असते. चिप्पीसारखी झाडे समुद्राच्या तोंडाशी, लाटांच्या माऱ्यात उभी राहतात. कांदळ खाडीच्या काठाकाठाने पाण्यात पाय सोडतो. मारांडीची काटेरी झुडपे आणि गेव्यासारखी झाडे जमिनीच्या बाजूस सरकतात. कोणाला अधिक खारटपणा सोसतो, कोणाला कमी; कोणाला रोज बुडलेले चालते, कोणाला केवळ उधाणाच्या भरतीत. या भिन्नतेलाच शास्त्रज्ञ जैवविविधता म्हणतात. शब्द मोठा आहे. पण खाडीच्या काठावर त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

झाडांच्या आधाराने जी जीवसृष्टी राहते, तिचा विस्तार याहूनही मोठा आहे. चिखलात जागोजागी बोटाएवढी बिळे दिसतात. ती खेकड्यांची. त्यांतील एका जातीच्या नराची एक नांगी शरीराच्या मानाने इतकी मोठी असते, की ती उंचावून तो कोणाला तरी हाका मारीत आहे, असा भास होतो. दुसऱ्या काही जातींचे खेकडे गळलेली पाने ओढून बिळात नेतात आणि कुरतडून खातात. निवटी नावाचा मासा तर पाण्याबाहेर येऊन परांच्या आधाराने चिखलावर सरपटतो आणि उड्या मारतो. ओली कातडी आणि तोंडाच्या आतील अस्तर यांवाटे तो हवेतला प्राणवायू घेतो. मुळांना कालवे चिकटतात. मुळांच्या जाळीत मोठ्या माशांना शिरता येत नाही, म्हणून कोळंबीची व कितीतरी माशांची पिले तेथे निर्धास्त वाढतात. रायगडच्या खारेपाटात पाहुणचारासाठी ज्या जिताड्याला मोठा मान आहे, त्याची पिलेही खाडीच्या अशाच आसऱ्याला येतात. (जिताड्याची आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की तो तरुणपणी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो!) कोळ्याचे जाळे पडते ते समुद्रात, पण त्यात येणारे पुष्कळसे मासे लहानपणी या झाडांच्या पायाशी वाढलेले असतात. हिवाळा सुरू झाला, की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मान उलटी वळवून, चोच पाण्यात बुडवून चिखलावरचे शेवाळ व बारीक जीव गाळून खातात. करड्या चिखलावर गुलाबी ढग उतरावा, तसे ते दृश्य असते. या खाडीचा काही भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

आता त्या वासाकडे वळू. कुजक्या अंड्यांसारखा तो वास लोकांना नकोसा वाटतो. पण खाडीच्या रानाचे सर्वांत मोठे गुपित त्या वासातच दडलेले आहे. डोंगरातल्या जंगलात पान गळून पडले, की वाळवी, बुरशी व सूक्ष्म जंतू त्याचा फडशा पाडतात आणि पानात साठलेला कार्बन थोड्याच काळात वायुरूपाने हवेत परत जातो. खाडीच्या चिखलात प्राणवायू नसल्यामुळे हे काम फार रेंगाळते. तेथे जे जंतू जगतात, ते प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातील गंधकयुक्त क्षारांवर आपला निर्वाह करतात. त्यांच्यामुळेच तो वास येतो. त्यांचा कारभार संथ असतो. परिणामी गळलेली पाने आणि विशेषतः मेलेली मुळे पुरती कुजत नाहीत. त्यांच्यावर दर भरतीला नव्या गाळाचा पातळ थर बसतो, त्यावर पुन्हा मुळे वाढतात, आणि असे थरावर थर चढत जातात. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या किनाऱ्याजवळ अशा मुळांचा थर काही ठिकाणी 10 मीटर खोल सापडला आहे, आणि तो साठण्यास सात-आठ हजार वर्षे लागली आहेत. इतका काळ त्यातील कार्बन जमिनीत बंद राहिला.

याचा हवामानाशी संबंध काय? झाडे हवेतून कार्बन डायऑक्साइड हा वायू घेऊन त्यापासून आपले शरीर घडवतात, हे सर्वांना ठाऊकच आहे. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखा असतो; पृथ्वीवरून निघणारी उष्णता तो अडवून धरतो. तो मुळीच नसता, तर पृथ्वी गोठून गेली असती. परंतु गेल्या अडीचशे वर्षांत माणसाने कोळसा आणि खनिज तेल जाळून, तसेच जंगले तोडून त्याचे प्रमाण भलतेच वाढवले. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आता तो 420 भागांच्याही पुढे गेला आहे. पांघरूण जाड झाले आणि पृथ्वी तापू लागली. 2024 हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. ही जादा उष्णता बहुतांशी समुद्रच पोटात घेतो. पाणी तापले की प्रसरण पावते. शिवाय हिमनद्या व ध्रुवांकडील बर्फ वितळून त्यात भर पडते. अशा रीतीने समुद्राची पातळी वर चढते.

म्हणजे जो वायू हवेत साठल्याने समुद्र वर येतो, तोच वायू हवेतून काढून चिखलात पुरून ठेवण्याचे काम समुद्राच्या काठावरचे हे रान करीत असते. क्षेत्रफळाने ते नगण्य आहे. साऱ्या जगात मिळून खारफुटी दीड लाख चौरस किलोमीटर भूमीवरही नाही. भारतात ती सुमारे 5 हजार चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्रात तीनशेहून थोडी अधिक. परंतु एक हेक्टर खारफुटी, तिच्या पायाखालचा चिखल धरून, एक हेक्टर डोंगरी जंगलाच्या कित्येक पट कार्बन राखून ठेवते. मात्र रान तोडले आणि चिखल खणून उघडा केला, की त्याला हवा लागते व शतकांचा साठा वायू होऊन निसटू लागतो. खारफुटी लावली म्हणजे जगाचे तापणे थांबेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कोळसा व तेल यांच्या धुराचे प्रमाण एवढे प्रचंड आहे, की ते निस्तरणे कोणत्याही रानाच्या आवाक्यातले नाही. पण आहे ते रान तोडणे म्हणजे जळत्या घरातून पाण्याची घागर उचलून बाहेर नेण्यासारखे आहे.

हे काम केवळ झाडेच करतात असेही नाही. खेकडे बिळे खणतात, तेव्हा त्या वाटेने मुळांना थोडी हवा व ताजे पाणी मिळते. पाने बिळात ओढून नेल्यामुळे ती ओहोटीबरोबर वाहून जात नाहीत. रात्री उमलणाऱ्या चिप्पीच्या फुलांचे पराग वटवाघळे आणि निशाचर पतंग इकडून तिकडे नेतात. या साखळीतील एखादी कडी निखळली, तर दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. काही वर्षांनी रान विरळ झालेले दिसते, तेव्हा कारण शोधावे लागते.

एकाच जातीच्या झाडांवर भरवसा ठेवला म्हणजे काय होते, याचा अनुभव फिलिपीन्स देशाने घेतला. तेथे अनेक वर्षे मोठा खर्च करून किनाऱ्यावर कांदळाची लागवड झाली. कांदळ निवडण्याचे कारण सोपे होते: त्याची लांब रोपे गोळा करणे व चिखलात खोचणे सोयीचे. पण ती पुष्कळदा अशा ठिकाणी खोचली गेली, जेथे निसर्गतः तिवर आणि चिप्पी वाढतात, किंवा जेथे कोणतेच झाड वाढत नाही. बहुतेक रोपे मरून गेली. ऑस्ट्रेलियात याहूनही मोठा धक्का बसला. त्या खंडाच्या उत्तरेस कार्पेंटारियाचे आखात आहे. तेथे 2015 च्या अखेरीस सुमारे हजार किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावरील 7 हजार हेक्टरांहून अधिक खारफुटी काही महिन्यांत वाळून गेली. मेलेल्या झाडांत आपल्याकडील तिवराच्याच जातीचा भरणा होता. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो या नावाने ओळखला जाणारा प्रवाहांचा फेर झाला होता. पाऊस कमी पडला, उष्णता वाढली, आणि आखातातील पाणी तात्पुरते सुमारे 40 सेंटिमीटर खाली गेले. पाण्यात उभी राहणारी झाडे तहानेने मेली! हवामान बिघडते ते नेहमी एकाच दिशेने बिघडते असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

वादळाच्या वेळी या रानाची किंमत वेगळ्याच रीतीने कळते. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाभयंकर चक्रीवादळ आदळले. समुद्राचे पाणी गावांवर चालून आले आणि सुमारे 10 हजार माणसे प्राणास मुकली. पुढे अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांची माहिती ताडून पाहिली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यूंची संख्या कमी होती. जेथे तो अरुंद होता अथवा तोडला गेला होता, तेथे अधिक. वादळाची पूर्वसूचना देऊन लोकांना हलवले, त्यामुळेही पुष्कळ प्राण वाचले, हे सांगितले पाहिजे. रान हे इशाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु शंभर मीटर रुंदीच्या खारफुटीतून जाताना साध्या लाटांची उंची 13 पासून 66 टक्क्यांपर्यंत कमी होते, असे मोजमापांवरून दिसून आले आहे. मुळांच्या त्या गुंतागुंतीत लाटेचा जोर मोडतो. अरबी समुद्र पूर्वी चक्रीवादळांच्या बाबतीत बंगालच्या उपसागराहून शांत मानला जाई. त्याचे पाणी आता तापू लागले आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ कोकणाला झोडपून गेले.

लाटांपुढे उभे राहणारे हे रान वर चढणाऱ्या समुद्रापुढे मात्र कसे टिकणार? त्याच्यापाशी दोन उपाय आहेत. पहिला उपाय उंच होण्याचा. झाडे नव्हे, तर त्यांच्या पायाखालची जमीन उंच होते. मुळे गाळ अडवतात, नवी मुळे वाढतात, जुनी कुजत नाहीत, आणि तळ हळूहळू वर येतो. बेलीझचा 10 मीटरांचा थर अशाच रीतीने चढला; समुद्र वर येत होता आणि रान त्याच्याबरोबर वर येत होते. ही शर्यत हजारो वर्षे चालली आहे आणि रानाने ती बहुधा जिंकली आहे. परंतु आता समुद्राचा वेग बदलला. 1901 ते 1971 या काळात जगातील समुद्रांची पातळी वर्षाला सरासरी 1.3 मिलिमीटर वाढत होती. 2006 ते 2018 या काळात ती वर्षाला 3.7 मिलिमीटर वाढली. प्राचीन काळचे थर तपासून शास्त्रज्ञांनी असा अंदाज बांधला आहे, की हा वेग वर्षाला 6-7 मिलिमीटरांच्या पुढे गेला, तर खारफुटीला तो गाठणे बहुतेक ठिकाणी अशक्य होईल. एवढासा आकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्यावर साऱ्या रानाचे भवितव्य टांगलेले आहे. शिवाय गाळ यावा लागतो तो नद्यांतून, आणि नद्यांवर जागोजागी धरणे झाली आहेत.

दुसरा उपाय मागे सरण्याचा. खालचे झाड बुडाले, तरी त्याचे बी वरच्या कोरड्या बाजूस जाऊन रुजते. अशा रीतीने सारे रान पिढ्यांमागून पिढ्या जमिनीकडे चालत जाते. पण त्यासाठी मागे जागा हवी. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत रानाच्या पाठीशी कोठे रस्ता आहे, कोठे भिंत, कोठे भराव टाकून उभारलेली वसाहत. पुढून पाणी ढकलते आणि मागून भिंत अडवते. मध्ये रानाचा पट्टा अरुंद होत जातो. अशा वेळी प्रथम कोणत्या जाती जातील, हेही उघड आहे. जमिनीच्या बाजूस, कमी खारट जागी राहणाऱ्या जातींना मागे जाण्यास वावच उरत नाही. बंगालमधील सुंदरबनात याची चिन्हे दिसूही लागली आहेत. दहा हजार चौरस किलोमीटरांचे हे जगातील सर्वांत मोठे खारफुटीचे रान भारत आणि बांगलादेश या दोन देशांत विभागलेले आहे. सुंदरी नावाच्या ज्या झाडावरून त्याला नाव पडले असे मानतात, त्या झाडाला गोड्या पाण्याची ओढ असते. नद्यांचे गोडे पाणी कमी येऊ लागले, समुद्राचे खारे पाणी आत सरकू लागले, आणि सुंदरीचे शेंडे वाळू लागले. अधिक खारटपणा सोसणारी ठेंगणी झाडे तिची जागा घेत आहेत. रान हिरवेच दिसते. पण ते पहिले रान राहिलेले नाही.

महाराष्ट्रात खारफुटीच्या तोडीस 2005 साली उच्च न्यायालयाने आळा घातला. 2012 साली राज्याच्या वन खात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला गेला, आणि 2020 साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. यामुळे उघड तोड पुष्कळ कमी झाली. परंतु मागच्या जागेचा प्रश्न न्यायालयाच्या एका आदेशाने सुटण्यासारखा नाही, कारण ती जागा कोणाची तरी असते.

पेण व अलिबागच्या खारेपाटात हे विशेष जाणवते. येथील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून खाडीचे पाणी अडवले, पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन काढला आणि तेथे भात पिकवला. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे, भरतीला ती बंद करायची. हा बांध राखणे म्हणजे साऱ्या गावाचे काम. उधाणाच्या भरतीला खांडे पडले, की रात्री-अपरात्री माणसे माती आणि पेंढा घेऊन धावत. अलीकडे ठिकठिकाणी हे बांध फुटले आणि वेळीच दुरुस्त झाले नाहीत. खारे पाणी शेतात शिरले, भात गेले, आणि पाण्याबरोबर आलेल्या तिवराच्या बिया चिखलात रुजल्या. खाडीच्या दृष्टीने पाहिले तर रानाला मागे सरण्यास जागा मिळाली; त्यात निवट्या आल्या, खेकडे आले, कोळंबीची पिले आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर बापजाद्यांनी घामाने कमावलेली जमीन हातची गेली. एकदा रान उगवले, की कायदा त्याचे रक्षण करतो. तेव्हा बांध पुन्हा घालून शेत मोकळे करावे म्हटले, तरी झाडांना हात लावता येत नाही. शेतकरी सरकारी कचेरीत खेटे घालतो, नुकसानभरपाई मागतो, बांधाची दुरुस्ती मागतो. त्याची तक्रार खोटी नाही. खाडी आत आली, ती काही त्याच्या एकट्याच्या चुलीच्या धुराने नव्हे. काही खाचरांत उगवलेला तिवर आता माणसाच्या डोक्यावर गेला आहे, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्या जमिनीपुढे अजून ‘भात’ असेच लिहिलेले आहे.